कपाटातल्या बुरशीबद्दल, आधी भिंत बघा

डांबरगोळ्यांवर पैसे घालवू नका. त्या कसरीसाठी, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

आधी कपाट कुठल्या भिंतीला टेकलंय ते बघा. बाहेरची भिंत असेल तर ती खोलीपेक्षा गार राहते, दमट हवा तिथे थंडावते आणि मागच्या फळीला ओल धरते. चार बोटं पुढे ओढलंत तरी फरक पडतो. भिंतीतूनच पाणी झिरपत असेल, तर मात्र आधी ती गळती काढा. बाकी सगळे उपाय वरवरचे.

दुसरी चूक जवळपास सगळेच करतात (मीही केली): हाताला कोरडे लागणारे कपडे लगेच घडी करून ठेवणं. शिवणीत, कमरपट्टीत, खिशांत ओल उरलेली असते. इस्त्री केलेले कपडेही गार होऊ द्या, मगच आत ठेवा. आणि कोंबू नका, हवा फिरायला जागा हवी.

एक साधा आर्द्रतामापक आत ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली हवा, ५० च्या आसपास उत्तम. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या लहान खणाला पुरतात. मोठ्या कपाटाला कॅल्शियम क्लोराईडचे डबे घ्या. त्यात पाणी साठतं, ते सांडलं तर कपडे आणि चामडं खराब होतं, म्हणून डबा तळाशी, सपाट जागी.

बाहेर पावसाळी हवा असताना दारं उघडून ‘हवा खेळवू’ नका, ओलच आत येते. कोरडं ऊन पडलं की उघडा.