डी एर्त्स्टेचा १९९३चा अल्बम: पंक की पॉप?

तुमचा प्रश्न असा, की डी एर्त्स्टे हे जर्मन पंकमधलं (पंक म्हणजे रांगडं, संतापी रॉक) एवढं मोठं नाव पाच वर्षं बंद राहून परतलं आणि गाणी केली ती गुणगुणण्यासारखी गोड. मग ‘डी बेस्टी इन मेन्शनगेश्टाल्ट’ला पंक म्हणायचं का? माझ्या मते नक्की म्हणायचं. त्यातला राग घराघरांत पोचला तो त्या गोड चालींमुळेच.

हा बँड १९८२ साली पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाला आणि १९८८ मध्ये ऐन भरात असताना थांबला. गिटारवाला फारिन उर्लाउब आणि उभ्यानेच ड्रम वाजवणारा बेला बे यांनी आपापले नवे बँड काढले, ते फारसे चालले नाहीत. १९९३ मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले, सोबत रोद्रिगो गोन्झालेझ. हा जन्माने चिलीचा, तिथला लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत लहानपणीच घरच्यांबरोबर हॅम्बुर्गला आलेला.

दरम्यान बर्लिनची भिंत पडली होती आणि परदेशी लोकांवरचे हल्ले वाढले होते. होयर्सवेर्डा, रोस्टॉक, म्योल्न या जर्मन शहरांत ते झाले. मे १९९३ मध्ये झोलिंगनला एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं, त्यात पाच मुली-बायका गेल्या. त्याच सप्टेंबरात ‘श्राय नाख लीबं’ (मायेसाठी टाहो) हे गाणं आलं.

गाणं एका निओ-नाझी, म्हणजे आजही हिटलरचे विचार मानणाऱ्या पोराशी थेट बोलतं. आधी त्याचा मठ्ठपणा उघडा पाडतं, मग सांगतं की तुझ्या आईबापांना तुझ्यासाठी कधी वेळच नव्हता, तुझी मारहाण म्हणजे मायेसाठी फोडलेला मुका टाहो आहे. चाल इतकी सोपी, की दुसऱ्यांदा ऐकताना आपणही गायला लागतो. आणि ध्रुवपद संपलं की एकच सणसणीत शिवी! तिच्यापायी काही रेडिओ केंद्रं गाणं लावायला कचरत होती. पुढे २०१५ मध्ये निर्वासितांच्या वसतिगृहांना आगी लावल्या जात होत्या, तेव्हा एका संगीतशिक्षकाने मोहीम चालवली आणि हेच गाणं २२ वर्षांनी जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. बँडने त्यातून आलेले पैसे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या ‘प्रो आझ्यूल’ला दिले. नुसत्या आरडाओरड्याचं गाणं इतकी वर्षं लोकांच्या तोंडी राहिलं असतं, असं मला वाटत नाही.

याच अल्बममधलं ‘माख डी आउगन त्सू’ मात्र निखळ पॉप. डोळे मीट, माझं चुंबन घे, प्रेम आहे म्हण. खोटं आहे हे मला ठाऊक आहे. एवढंच मागणं, पण काळजाला भिडतं. याला कुणी बाटगेपणा म्हटलं तर मला ते अजिबात पटत नाही. बँड पहिल्यापासून असाच सुरेल होता. थट्टेची काही गाणी आज लांबलेली वाटतात, ती सोडलीत तरी चालेल.

ही दोन गाणी शब्द समोर ठेवून लागोपाठ ऐका. आवडली तर मग २०२० चा ‘हेल’ घ्या, तोही आठ वर्षांच्या खंडानंतर आलेला अल्बम आहे.