ध्यान ही शिक्षा झाली की पोर ध्यानालाच घाबरतं

प्रश्न: ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. धाकटी झाल्यापासून (ती आता दीड वर्षाची) त्याचा राग फार वाढलाय. वस्तू फेकतो, परवा तिला ढकललं. आम्ही बौद्ध, सासूबाई रोज विहारात जातात, इगतपुरीला दहा दिवसांचा विपश्यनेचा कोर्सही केलाय त्यांनी. तो चिडला की त्या त्याला बुद्धांच्या फोटोसमोर डोळे मिटून बसवतात, राग जाईपर्यंत उठायचं नाही. आधी बसायचा, आता ध्यान म्हटलं तरी किंचाळतो. सासूबाई म्हणतात तूच लाडावून ठेवलंयस. ध्यान बंदच करू का? – एक आई, अकोला

अगं, ध्यान बंद करू नको, पण हे फोटोसमोर बसवणं आजपासून बंद. दुसऱ्या घरी पोरं कोपऱ्यात उभी राहतात, तुमच्याकडे बुद्धांसमोर बसतात, पोराला त्यात फरक काय कळणार? त्याला एवढंच कळलं की राग आला म्हणजे आपण वाईट आणि राग गेला असं दाखवलं की सुटका, म्हणजे तो शांत व्हायला नाही, नाटक करायला शिकतोय.

बुद्धांच्या मुलाची, राहुलची गोष्ट आठव. एकदा बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांनी त्याला झाडाखाली बसलेलं बघून आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचं ध्यान, करायला सांगितलं, आणि संध्याकाळी तो स्वतःहून बुद्धांकडे गेला, कसं करायचं ते विचारायला. बुद्धांनी लगेच श्वास नाही सांगितला बघ. आधी म्हणाले पृथ्वीसारखा हो, लोक तिच्यावर चांगलं टाकतात, घाणही टाकतात, तिला त्याची किळस येत नाही. मग पाणी, अग्नी, वायू, मग मैत्री, करुणा, आणि श्वासाचा नंबर शेवटी. आपण मात्र पोर किंचाळत असताना डायरेक्ट श्वासावर नेतो!

तर आनापान शिकवायचं ते तो खुशीत असताना. सकाळी शाळेच्या आधी नाहीतर झोपताना, पाचच मिनिटं, आणि आधी तू बसायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. त्याला ये म्हणायचं नाही, आला तर आला. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी जागा आहे तिथे श्वास येताना जाताना लागतो का ते बघायचं, बस. मोजायचं नाही, जप नाही, दीर्घ श्वास पण नाही, जसा आहे तसा. मन पळालं तर पळालं, परत आणायचं. डोळे उघडे ठेवले तरी ओरडू नको.

आणि ऐन रागात? तेव्हा ध्यान हा शब्दच काढू नको. धाकटीला उचलून बाजूला दे, तू त्याच्याजवळ फरशीवर बस. जरा उतरला की विचार, राग कुठे लागतोय रे, पोटात की हातात, गरम आहे का, धडधडतंय का. नऊ वर्षांची पोरं भारी उत्तरं देतात, मुठीत मुंग्या आल्यात म्हणेल, म्हणू दे, दुरुस्त करू नको, फक्त मग दोन मिनिटांनी विचार आता आहेत का मुंग्या. मुंग्या कमी झालेल्या त्याला स्वतःला कळल्या ना, की अर्धं काम झालं. ढकलणं चालणार नाही हे मात्र दरवेळी स्पष्ट सांगायचं, राग येणं चालेल, हात उचलणं नाही.

मैत्रीभावना, म्हणजे मनातल्या मनात दुसऱ्याचं भलं चिंतणं, ते पण करा, पण घाईघाईत "बहिणीचं मंगल होवो" म्हणायला लावू नको, खोटं म्हणेल. परंपरेतही क्रम असाच आहे, आधी स्वतः, मग आवडतं माणूस, मग ना आवडतं ना नावडतं, आणि ज्याच्यावर राग आहे तो सगळ्यात शेवटी. त्याला आजी आवडत असेल तर आजीपासून, शेजारची मांजर पण चालेल. धाकटीचा नंबर येईल तेव्हा येईल.

बाकी खरं सांगू का, दीड वर्ष तो घरात सगळ्यांकडून "तू मोठा ना" ऐकतोय, त्याला राग येणार नाही तर काय येणार. रोज थोडा वेळ फक्त तू आणि तो, धाकटी बाबाकडे. हे नसेल तर कितीही श्वास बघून उपयोग नाही.

आठ वर्षांपुढच्या मुलांची आनापान शिबिरं असतात, तिथे विपश्यना नाही, फक्त आनापान शिकवतात. पण त्याची इच्छा असेल तरच. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये दहा मिनिटांच्या आनापानाचा 'मित्र' उपक्रम आहे, त्याच्या शाळेत होतो का विचार. आणि तो स्वतःला मारून घेत असेल, झोप उडाली असेल, नाहीतर मरायचं वगैरे बोलत असेल तर ध्यानावर विसंबून राहू नको, सरळ मुलांच्या समुपदेशकाकडे जा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सासूबाईंशी वाद घालू नको गं, त्यांचा जीव आहे त्याच्यावर. त्यांनाच विचार, आई, कोर्समध्ये पहिले तीन दिवस तुम्हाला श्वास बघायला सांगितला की राग घालवायला? त्या प्रामाणिक असतील तर हसतील. राहुलची गोष्ट रात्री सांगायचं काम त्यांच्याकडेच दे, तुझ्यापेक्षा छान सांगतील. फक्त एक गोष्ट ठाम सांग, आणि सांगताना नवऱ्याला शेजारी बसव, की तो चिडला की त्याला फोटोसमोर न्यायचं नाही, माझ्याकडे पाठवायचं.