मस्ट की हॅव टू: खानापूरहून बेळगावला शिकायला येणाऱ्या पोरीला

पोरी, इंग्रजीत वाक्य करताना 'पाहिजे' दिसलं की तू लगेच मस्ट लावतेस. आधी मराठीत वाक्य नीट ऐक. 'मला सातची बस धरावी लागते' यात सक्ती बाहेरची आहे, बसच्या वेळेची. 'लागतं' आलं की बहुतेक वेळा हॅव टू बसतं. बोलणारा स्वतः जोर देतो, किंवा नियम लिहून लावलेला असतो, तिथं मस्ट. 'डॉक्टरला दाखवलेलं बरं' एवढंच म्हणायचं असेल तर शुड. शुड आणि मस्टनंतर टू येत नाही, हेही लक्षात ठेव.

खरी मेख नकारात आहे. मस्ट नॉट म्हणजे मनाई. डोन्ट हॅव टू म्हणजे गरज नाही, केलंस तरी चालेल. नोकरीच्या सुरुवातीला मी एका सहकाऱ्याला 'यू मस्ट नॉट कम टुमॉरो' म्हणाले. मला म्हणायचं होतं, उद्या नाही आलात तरी चालेल. त्यांना वाटलं, मी त्यांना येऊच नका म्हणतेय. त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. तुझ्या कानावर तर कन्नडही रोज पडतं. 'होगबारदु' (जायचं नाही) आणि 'होगबेकागिल्ल' (जायची गरज नाही) यांत तू कधी गल्लत करत नाहीस. पहिलं मस्ट नॉट, दुसरं डोन्ट हॅव टू. हा फरक तुझ्याकडं आधीपासून आहे, तोच वापर.

काल घडलेल्या सक्तीसाठी मस्ट चालत नाही, तिथं हॅड टू. 'पावसामुळं थांबावं लागलं': आय हॅड टू वेट. उद्या येताना अशी दहा वाक्यं तुझ्या घरातली, शेतातली लिहून आण.