दडा बसला म्हणून तेल टाकू नका

गेल्या महिन्यात या सदरात कोगन सिंड्रोमवर लिहिलं होतं. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच अंतर्कर्णावर (कानाच्या सर्वांत आतल्या भागावर) आणि डोळ्याच्या बुबुळावर उलटते. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, गरगरतं आणि ऐकू येणं घसरत जातं. आजार अगदी विरळा, बहुतेकदा ऐन तरुणपणी गाठणारा. डेव्हिड कोगन या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी १९४५ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या लेखावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आहेत, म्हणून यावेळी फक्त उत्तरं.

प्रश्न : कानाला दडा बसला की आई लसूण टाकून गरम केलेलं तेल घालते. चालेल का? (कळवा)

नाही. आईंना लसूण फोडणीलाच वापरू द्या.

प्रश्न : माझ्या भावाचा (वय ३१) उजवा कान एका सकाळी अचानक बंद झाला. केमिस्टने मळ विरघळवायचे थेंब दिले. चार दिवसांनी फॅमिली डॉक्टरांनी सर्दी समजून अँटिबायोटिक आणि वाफ सांगितली. मध्येच डोळा लाल झाला, 'डोळे आले' म्हणून पुन्हा केमिस्टकडूनच ड्रॉप्स आणले. तीन आठवड्यांनी ऑडिओग्राम (ऐकण्याचा आलेख) झाला तेव्हा नस कमजोर झाल्याचं कळलं. आता डावा कानही कमी होतोय. उशीर झाला का? (नौपाडा)

झाला. तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. हेच पत्र मला वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येत असतं, आणि प्रत्येकात मधले दोन-तीन आठवडे असेच थेंब, वाफ आणि 'बघू सोमवारी' यांत गेलेले असतात.

छातीत दुखलं तर माणूस रात्री दोनला रिक्षा पकडतो. कान गेला तर तो रविवारची सुट्टी संपायची वाट बघतो, कारण कान दुखत नाही. अंतर्कर्णाची सूज दुखत नसतेच. नुसतं जड वाटतं, कानात शिट्टी किंवा घूं असा आवाज येतो, आणि माणसाला वाटतं मळ असेल, लोकलच्या दारात उभं राहून वारा लागला असेल. वैद्यकातल्या व्याख्येनुसार सलग तीन फ्रिक्वेन्सींवर (आवाजाच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणं ७२ तासांच्या आत गेलं, तर ती तातडीची अवस्था. स्टिरॉइडचा सर्वांत जास्त उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होतो. त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत पडद्यातून कानात इंजेक्शन देऊन काही परत मिळतं का हे पाहता येतं, पण तोवर बाजू लंगडी झालेली असते. ऑटोइम्यून (संरक्षणयंत्रणा आपल्यावरच उलटण्याच्या) प्रकारात घसरण कधी अशी अचानक होते, तर कधी काही आठवड्यांत हळूहळू, चढउतार होत. एक कान आधी, दुसरा मागाहून. तुमच्या भावाचं नेमकं हेच चाललंय.

मळ आणि नस यांतला फरक तपासायला मोठं यंत्र लागत नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि विचारायचं, आवाज कुठल्या कानात? मळ किंवा पडद्यामागे पाणी असेल तर तो बंद कानाकडे ओढतो. नस गेली असेल तर चांगल्या कानाकडे. फोर्क नसेल तर ओठ मिटून 'म्म्म' करा, साधारण तेच कळतं. अर्धा मिनिट लागतं. हे अर्धं मिनिट पहिल्याच दिवशी कुणी तरी दिलं असतं, तर तुमचं पत्र वेगळं असतं. मात्र घरी 'म्म्म' करून निर्धास्त होऊन बसायचं नाही. आवाज कुठल्याही बाजूला गेला तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची मोजणी) करून घ्यायची.

आता डोळ्याचं. 'डोळे आले' आणि कोगनमधली बुबुळाची सूज दोन्हींत डोळा लालच दिसतो. पण डोळा खोल दुखत असेल, खिडकीकडे बघवत नसेल, धूसर दिसत असेल, तर स्लिट लॅम्पखाली (नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीच्या यंत्राखाली) डोळा पाहिल्याशिवाय कुठलाही थेंब घालू नये. केमिस्टच्या काउंटरवर मिळणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्याने लाली उतरते, डोळ्याच्या डॉक्टरांना दिसायला हवी ती खूण पुसली जाते, आणि कान व डोळा यांचा संबंध जोडायला कुणी उरत नाही. कोगनमध्ये डोळा थेंबांनी बहुधा सावरतो, खरा धोका कानाला असतो. आणि दोन्ही तक्रारी एकाच आठवड्यात येतील असंही नाही, मध्ये काही महिने जाऊ शकतात. म्हणून कानाच्या डॉक्टरांना डोळ्याचं आणि डोळ्याच्या डॉक्टरांना कानाचं स्वतःहून सांगावं लागतं.

भावाला उद्याच घेऊन जा. उजव्या कानाचं जे व्हायचं ते झालं असेल, डावा अजून हातात आहे. कान-नाक-घसा, नेत्रतज्ज्ञ आणि रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांचे तज्ज्ञ) असे तिघं लागतील. कोगनमध्ये रक्तवाहिन्यांनाही सूज येऊ शकते, काहींत थेट महाधमनीला. त्यामुळे हृदयाची तपासणी सांगितली तर 'कानासाठी इको कशाला' असा वाद घालू नका.

प्रश्न : मिस्टरांना कोगनची शंका आहे. डॉक्टरांनी गुप्तरोगाची तपासणीही लिहून दिली. आम्हाला फार अपमानास्पद वाटलं. शिवाय बाकी रक्त नॉर्मल आलं, मग आजार नाही असं समजायचं का? (वाशी)

ताई, ती तपासणी लिहिणारा डॉक्टर नीट विचार करणारा आहे. सिफिलिसमध्ये बुबुळाला हीच सूज येते आणि ऐकणंही असंच जातं. कोगन यांनी आपल्या रुग्णांचं वर्णन केलं तेच मुळी सिफिलिस नसलेले म्हणून. ती शक्यता खोडल्याशिवाय निदान पुढे सरकत नाही. एमआरआयही त्याचसाठी, नसेवर गाठ नाही ना ते बघायला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. कोगन पक्का सांगणारी एकच एक रक्ततपासणी अस्तित्वात नाही. ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या) वाढलेले असू शकतात, नसूही शकतात. लॅबचं हजारो रुपयांचं 'फुल ऑटोइम्यून पॅकेज' स्वतःहून करून घेऊ नका. काय करायचं ते रुमॅटॉलॉजिस्टना ठरवू द्या.

प्रश्न : स्टिरॉइडने दहा दिवसांत ऐकू यायला लागलं. शेजारच्या काकूंनी घाबरवल्यामुळे गोळ्या बंद केल्या. आठवड्यात पुन्हा कमी झालं. आता गुळवेलीचा काढा घेऊन इम्युनिटी वाढवतोय. (कोलशेत)

काकूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्टिरॉइडने साखर चढते, रक्तदाब वाढतो, झोप उडते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात आणि दडून बसलेला टीबी डोकं वर काढतो. त्यासाठी साखर, छातीचा एक्सरे, कॅल्शियम हे सगळं बघितलं जातं. पण अनेक दिवस चालू असलेली स्टिरॉइडची गोळी एकदम सोडली तर शरीराच्या स्वतःच्या कॉर्टिसोलची पंचाईत होते, अशक्तपणा येतो, रक्तदाब कोसळू शकतो. डोस उतरवायचा तो पायरीपायरीने, डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे. गोळी घेताना ऐकू येणं आणि सोडताच जाणं, ही तर या आजाराची ओळखच. स्टिरॉइड वर्षानुवर्षं द्यायला नको म्हणून मग मेथोट्रेक्सेट किंवा जैविक औषधं (बायोलॉजिक्स) अशा, संरक्षणयंत्रणेला आवर घालणाऱ्या औषधांचा विचार होतो. त्यांनी कान वाचेलच याची हमी नसते. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्टिरॉइडने परत आलेलं ऐकणं टिकवायला मेथोट्रेक्सेट नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं. तरी कोगनमध्ये काही रुग्णांत ते वापरलं जातं. ते दिलं तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

काढ्याबद्दल. तुमची इम्युनिटी आधीच नको तिथे हात चालवतेय, तिला आणखी बळ कशाला? २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, तो वाद त्यांचा. ज्याला उद्या यकृतावर ताण देणारं औषध लागू शकतं, त्याने या वादात आपलं यकृत पणाला लावू नये. काढा बंद करा आणि ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या त्यांना आजच फोन करा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी 'मोफत श्रवण तपासणी' होती. सासूबाईंना (ऑटोइम्यून आजार, ऐकणं कमी-जास्त होतं) तिथल्या तिथे कानाचं मशीन सुचवलं, सवलत फक्त त्याच दिवशी. घेतलं. आता त्या म्हणतात आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. मोठ्याने बोललं की 'ओरडतेस कशाला' म्हणतात. (घोडबंदर रोड)

क्लबहाउसमध्ये, पंखा चालू, बाहेर मुलांचं क्रिकेट, आणि त्यात कानाची तपासणी! ऑडिओमेट्री साउंडप्रूफ खोलीत होते. तपासणारा ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा लागतो. नोंदणी क्रमांक विचारा, संकोच करू नका. टाय लावलेला प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट नसतो.

सासूबाई हट्टीपणा करत नाहीत. अंतर्कर्ण बिघडला की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि जरा मोठा झाला की एकदम सहन होत नाही, मधली जागाच आक्रसते. मशीन आवाज मोठा करतं, शब्द स्वच्छ करून देणं त्याच्या फारसं हातात नसतं. म्हणून विकत घेण्याआधी शब्द ओळखण्याची चाचणी व्हायला हवी, तीही मराठी शब्दांनी. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, नेहमीच्याच आवाजात जरा सावकाश बोला. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातून हाक मारू नका.

आणखी एक चलाखी : काही दुकानांची मशीनं सॉफ्टवेअरने कुलूपबंद असतात, ती दुसरीकडे जुळवता येत नाहीत. ज्यांचं ऐकणं दर महिन्याला बदलतं त्यांना मशीन पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं, म्हणजे तुम्ही त्या दुकानाचे कायमचे बांधील. पुढच्या वेळी घरी वापरून बघायची मुदत, परतीची अट आणि 'कुलूप नाही' हे बिलावर लिहून घ्या. तूर्त ताजा ऑडिओग्राम काढून स्वतंत्र ऑडिओलॉजिस्टला दाखवा. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही ही सोय आहे.

प्रश्न : चक्कर थांबली, पण अंधारात तोल जातो. चालताना दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात. चक्करच्या गोळ्या आठ महिने चालू आहेत. (खारघर)

आठ महिने कुणी सांगितल्या? सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या गरगरण्याच्या पहिल्या काही दिवसांसाठी असतात. लांबल्या तर मेंदू तोल सावरायला शिकत नाही, आणि पार्किन्सनसारखी थरथरही लागू शकते. तुमचं वर्णन दोन्ही कानांची तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावल्याचं वाटतं. त्याला व्हेस्टिब्युलर फिजिओथेरपी (तोल सावरायचे व्यायाम) लागते. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा. पोहायला जाऊ नका, पाण्याखाली वर-खाली कळणार नाही.

प्रश्न : दहीहंडीला डीजेसमोर उभं राहिलं तर चालेल का? (पाचपाखाडी)

नाही, आणि ज्यांचे कान ठणठणीत आहेत त्यांनीही नाही.

प्रश्न : एक कान पूर्ण गेला. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? (ठाणे पूर्व)

दुसरा चांगला असेल तर सवलतींसाठी लागणारं ४० टक्क्यांचं प्रमाण भरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याचं दिव्यांगत्व दोन्ही कानांवर मोजलं जातं, किमान ६० डेसिबलची घट. दोन्ही कान गेले असतील तर यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) सरकारी पोर्टलवर अर्ज करा. ऐकणं अजून वरखाली होत असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला. 'पैसे द्या, टक्के वाढवून देतो' म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

प्रश्न : दोन्ही कान जवळपास गेलेत, मशीनचा उपयोग नाही. डॉक्टर कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) म्हणतात. आम्ही विचार करतोय की आणखी दोन-तीन वर्षं थांबावं, तोवर तंत्रज्ञान सुधारेल. (नेरुळ)

थांबण्याचं हे कारण चुकीचं आहे. कोगनमध्ये सूज ओसरल्यावर कॉक्लियाच्या (अंतर्कर्णातल्या शंखाच्या) पोकळीत हाड भरू शकतं, मग इलेक्ट्रोड आत सरकवणं अवघड होतं. ज्यांनी आयुष्यभर ऐकलंय त्यांना इम्प्लांटने बोलणं चांगलं उमगू लागतं, ती संधी हाडाच्या हवाली करू नका. निदान एमआरआय आणि सीटी करून इम्प्लांट सर्जनना दाखवून तरी ठेवा. शस्त्रक्रियेआधी न्यूमोकोकलची लस लागते, ती कधी घ्यायची हे तुमची चालू औषधं बघून ठरेल. खर्च काही लाखांत जातो, म्हणून विम्याचे कागद आधी वाचा. तोवर फोनवर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' टाकून घ्या. ते मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये तेच टेबलावर ठेवा, नाहीतर सगळं मिस्टर ऐकतात आणि घरी आल्यावर अर्धं सांगतात.

प्रश्न : मुलगी २६ वर्षांची, कोगन, औषधं चालू. स्थळं बघतोय. सांगायचं की नाही? मुलांना होईल का? (ऐरोली)

सांगायचं. कानामागचं मशीन केसांखाली झाकून साखरपुडा उरकणारी घरं मी पाहिली आहेत, पुढचं लिहीत नाही. कोगन आईकडून मुलाला सरळ जाणारा आजार म्हणून ओळखला जात नाही. औषधांचा प्रश्न मात्र खरा आहे. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस जाता कामा नयेत, ते बरंच आधी थांबवून दुसरं औषध बसवावं लागतं. रुमॅटॉलॉजिस्टकडे हा विषय मुलीनेच काढावा, आणि लग्न ठरलं की होणाऱ्या नवऱ्यालाही त्या भेटीला घेऊन जावं.