लाइट जाऊन आली की ऑफिसात 'आयपी कॉन्फ्लिक्ट' येतो, दर वेळी वेगळ्या संगणकावर. मूळ कारण कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात दहा संगणक आहेत, लाइट जाऊन आली की त्यातल्या एखाद्यावर आयपी कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे नेटवर्कवरचा एकच पत्ता (आयपी) दोन उपकरणांना लागल्याचा, संदेश येतो आणि त्याचं नेट बंद पडतं. राउटर आणि स्विच बंद-चालू केले की सगळं सुरळीत होतं. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'दर वेळी वेगळा संगणक'. बिघाड संगणकात असता तर तोच तोच अडला असता. तेव्हा विंडोज नव्याने टाकणं, नेटवर्क कार्ड बदलणं यात पैसे घालवू नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होईल.

मी सांगली-मिरज भागातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. अगदी हेच दुखणं एका सीएंच्या ऑफिसात पाहिलंय, तेही सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटची ३० तारीख तोंडावर असताना. आधीच्या माणसाने केबली नव्याने क्रिम्प केल्या (टोकं पुन्हा बसवली) होत्या, स्विचही बदलला होता. फरक शून्य. कारण निघालं सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात.

झालं होतं असं. राउटर १९२.१६८.१.१०० पासून १९९ पर्यंतचे पत्ते आपोआप वाटत होता. कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरला हाताने १९२.१६८.१.१०८ हा पत्ता कायमचा लावून दिला होता, म्हणजे राउटरच्या वाटपातलाच. राउटरला याची काहीच खबर नव्हती. एरवी हे खपून जायचं, कारण पत्ता मिळाल्यावर विंडोज आधी 'हा पत्ता कुणी वापरतंय का' असं नेटवर्कवर विचारून बघतं. उत्तर आलं तर तो पत्ता नाकारून दुसरा मागतं. पण लाइट आल्यावर राउटर आधी उठायचा आणि हार्ड डिस्क तपासत बसलेल्या डीव्हीआरला उठायला दोन-तीन मिनिटं जास्त लागायची. तेवढ्या वेळात संगणक पत्ते मागायचे. त्या राउटरची जुनी यादी लाइट गेल्यावर पुसली जायची आणि वाटप पुन्हा १०० पासून ओळीने सुरू व्हायचं, त्यामुळे नववा जो कुणी येईल त्याला १०८. त्या वेळी डीव्हीआर गप्प, म्हणून विंडोजच्या तपासणीतही काही दिसायचं नाही. मग डीव्हीआर जागा व्हायचा आणि एका पत्त्याचे दोन धनी व्हायचे.

राउटर-स्विच बंद-चालू केल्यावर बरं का वाटायचं, तेही यातच आहे. तोपर्यंत डीव्हीआर चालू झालेला असतो. संगणक नव्याने पत्ता मागतात, या वेळी तपासणीत डीव्हीआर सापडतो आणि १०८ टाळला जातो. पुढच्या वेळी लाइट जाईपर्यंत.

तुमच्याकडे डीव्हीआरच असेल असं नाही. हाताने पत्ता लावलेलं काहीही असू शकतं: प्रिंटर, हजेरीचं बोटांच्या ठशांचं मशीन, बिलिंगचा जुना संगणक. ते शोधायची पद्धत सांगतो. पुढच्या वेळी संदेश आला की घाईने राउटरला हात लावू नका, कारण बंद-चालू केलं की पुरावाच जातो. ज्या संगणकावर संदेश आलाय त्याला राउटरकडून कोणता पत्ता मिळाला होता ते राउटरच्या पानावरच्या डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) यादीत पाहून लिहून घ्या आणि त्याची केबल काढा. मग दुसऱ्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या पत्त्याला पिंग करा (ping आणि पुढे तो पत्ता; तिथून उत्तर येतं का ते कळतं) आणि लगेच आर्प ही कमांड उणे-ए लावून (arp -a) चालवा. पिंगला उत्तर आलं नाही तरी चालेल. फायरवॉल पिंग अडवू शकते, पण त्याच नेटवर्कमधलं उपकरण चालू असेल तर आर्पच्या यादीत त्या पत्त्यासमोर सहा जोड्यांचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) उमटतोच. सहसा त्यातल्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते. नेटवर शोधलंत की ती कॅमेऱ्यांची आहे का प्रिंटरची ते समजेल. तरीही ओळख पटली नाही तर स्विचमधली एकेक केबल काढून पाहा. ज्या केबलीनंतर पिंग थांबतं तिचं दुसरं टोक गाठा.

हे करताना प्रत्येक संगणकावर आयपीकॉन्फिग स्लॅश-ऑल (ipconfig /all) एकदा चालवून डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचा. सगळीकडे तुमच्या राउटरचाच पत्ता हवा. एखाद्यावर भलताच दिसला तर ऑफिसात पत्ते वाटणारा दुसरा कुणीतरी आहे. बहुतेक वेळा वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून जोडलेला असतो. तो फेकायची गरज नाही. त्यातलं डीएचसीपी बंद करा, त्याला तुमच्याच रांगेतला पण वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मामला निराळा. तो कुणी दिलेला नसतो. राउटरकडून उत्तरच आलं नाही म्हणून विंडोजने स्वतःच लावून घेतलेला असतो. तिथे केबल, स्विचचा दिवा आणि राउटरचे पत्ते संपले आहेत का, एवढं बघा. कॉन्फ्लिक्टनंतरही विंडोज कधी कधी हाच पत्ता दाखवतं, म्हणूनच वर राउटरची यादी पाहायला सांगितलं.

आता कायमचा इलाज. पत्त्यांच्या सरळ वाटण्या करा. माझी पद्धत अशी (आकडे पत्त्याच्या शेवटच्या भागाचे): १ राउटरला, २ ते ४९ हाताने लावायच्या उपकरणांना, १०० ते १९९ राउटरने वाटायला. मधली जागा पुढे लागेल म्हणून मोकळी. सबनेट मास्क सगळीकडे २५५.२५५.२५५.० हाच. प्रिंटरसाठी मला राउटरमधलं रिझर्व्हेशन जास्त आवडतं. प्रिंटर ऑटोमॅटिकवर ठेवायचा आणि राउटरला सांगायचं की या मॅकला कायम हाच पत्ता दे. मग हिशेब एकाच ठिकाणी राहतो. प्रिंटरचा पत्ता बदललात तर प्रत्येक संगणकावर प्रिंटरच्या सेटिंगमधल्या पोर्टमध्येही नवा पत्ता भरा. ते राहिलं की प्रिंटर ऑफलाइन दिसत राहतो आणि लोक उगाच ड्रायव्हर बदलत बसतात.

कोणाला कोणता पत्ता दिला ते कागदावर लिहून राउटरशेजारी भिंतीला चिकटवा. कॅमेरेवाला, प्रिंटरवाला, हजेरी मशीनवाला, जो कुणी काम करायला येईल त्याला आधी तो कागद दाखवा आणि त्याच्यासमोरच नवी नोंद करा. सीएंच्या ऑफिसात मी हेच केलं, डीव्हीआर २० वर नेला आणि तिथला त्रास थांबला. एक गोष्ट मात्र तेव्हा दुसऱ्या दिवशी लक्षात आली, ती तुम्ही आधीच करून टाका: राउटरमध्ये कॅमेऱ्यांसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवणं) केलेलं असेल तर तिथेही डीव्हीआरचा नवा पत्ता भरा, नाहीतर साहेबांना घरून मोबाइलवर कॅमेरे दिसणार नाहीत.