ट्रेलरच्या तळाला कोटिंग मारण्याआधी

तळाच्या फळीसाठी भवानी पेठेतून आणलेल्या प्लायवर आयएस ७१० चा शिक्का आहे ना, बघ. तो मरीन प्लाय. पण तोही कडेनं पाणी पितोच. म्हणून बोल्टची भोकं आधी पाड, मग कडांना आणि भोकांच्या आतून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) दोनदा पाज. पहिल्या ट्रेलरला मी नुसतं काळं डांबरी कोटिंग फासलं होतं. ताम्हिणीच्या एका पावसात बोल्टभोवतीचा प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगला. कोटिंग हवंच, चाकांनी उडवलेली खडी झेलायला, पण फळी फ्रेमवर बसवण्याआधी, पालथी घालून. खाली झोपून ब्रश मारलास तर निम्मं तोंडावर. खालून पत्रा मात्र ठोकू नकोस, पाणी मध्ये अडकतं. आणि मे महिन्यातच उरक. जूनच्या दमट हवेत लाकूड सुकत नाही.