‘तू हो पुढे’

मावशी,

मी 43 वर्षांची, कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. कॉलेजपासूनची एक मैत्रीण आणि मी सहा वर्षं एकत्र पळतो. वेताळ टेकडीवर चालण्यापासून सुरुवात झाली, मग पळायला लागलो, मग सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा, म्हणजे सगळे एसआरटी म्हणतात त्यात, दोनदा 25 किलोमीटर केले. आता जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघीच तीन दिवसांत राजगड-तोरणा-रायगड करणार आहोत. पहिल्या दिवशी गुंजवण्यातून राजगड, तोरणा करून वेल्हे, दुसऱ्या दिवशी मोहरी, तिसऱ्या दिवशी बोराट्याच्या नाळेनं, म्हणजे कड्यातल्या धोंड्यांनी भरलेल्या घळीनं, उतरून रायगड. रजा टाकल्यात, मोहरीत एका घरी राहायचं ठरलंय.

सराव म्हणून डिसेंबरात पहिला दिवस करून पाहिला. राजगडाची संजीवनी माची उतरल्यापासून माझा उजवा गुडघा दुखत होता. तो ऑक्टोबरपासून दुखतोय, मी गोळी घेऊन पळते. हे तिला माहीत नाही. राजगड-तोरण्याला जोडणाऱ्या सोंडेवर ती पुढे पुढे जात राहिली. दोनदा थांबून तिनं विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, हो गं, तू हो पुढे. तोरण्याच्या बुधला माचीखालच्या कातळाशी पोचले तर ती नव्हती. तो टप्पा मी एकटीनं चढले, पाय लटपटत होते. वेल्ह्यात उतरले तेव्हा मिसळ संपवून ती चहा पीत बसली होती. म्हणाली, "अगं, किती वेळ!" परतीच्या गाडीत मी झोपेचं सोंग घेतलं. तीन आठवडे झाले, ग्रुपवरचं गुड मॉर्निंग सोडलं तर आमच्यात बोलणं नाही. नवरा म्हणतो, एवढं असेल तर रायगडाला गाडीनं जा.

ती चुकली ना? गुडघ्याचं सांगितलं तर ती दुसरी जोडीदारीण शोधेल. जाऊ की नको?

— मागे राहिलेली

*

मागे राहिलेली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. "हो गं, तू हो पुढे."

हे वाक्य मी लग्नाच्या हॉलबाहेर, दवाखान्याच्या दारात, देवळाच्या पायऱ्यांवर इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. त्याचा खरा अर्थ असतो, थांब ना जरा, पण मला तसं म्हणायला लावू नकोस. तुझी मैत्रीणही याच भाषेत वाढलेली आहे, तिला तो अर्थ कळायला हवा होता असं तुला वाटतं. मलाही वाटतं. पण तिनं दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा तू तिला हसून लावून दिलंस. तिसऱ्यांदा विचारावं, ही अपेक्षा नवऱ्याकडून करावी.

तरीही, ती चुकली का, तर चुकली. सोंडेवर पुढे गेली ते मी तिच्या खात्यावर धरत नाही. तिथे वाट मळलेली आहे, दूरवरचं माणूस दिसतं, मध्ये डांबरी रस्त्याची खिंड लागते, सुट्टीच्या दिवशी ताक-सरबतवाले बसलेले असतात. बुधल्याखालचा कातळ ही निराळी जागा. वर घसारा, पाय ठेवायला बोटभर खोबणी, सात-आठ तास चालून आलेले पाय. तिथे जोडीदारणीसाठी थांबायचं असतं, ती लंगडत येवो नाहीतर नाचत येवो. मागचीला काही झालं तर ते पुढचीला वेल्ह्यात मिसळ खाताना कळणार, आणि तोपर्यंत दिवस कलणार.

तिला हे का सुचलं नाही, याचा मला एक अंदाज आहे. तुम्ही दोघी शर्यतीत तयार झालात. एसआरटीमध्ये ज्याला जमेल त्यानं पुढे जायचं असतं, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. मार्गावर खुणा असतात, ठरावीक अंतरावर पाणी घेऊन स्वयंसेवक उभे असतात, आणि कोण कुठल्या टप्प्यावर पोचलं त्याची नोंद होते. तिथे मैत्रीण पुढे गेली तरी तू एकटी पडत नाहीस. सोंडेचा रस्ता दोघींनीच करायचा म्हटला की स्वयंसेवक तीच, खुणाही तीच आणि नोंद ठेवणारीही तीच. हा फरक तिच्या ध्यानात आला नाही. तुझ्याही आला नसावा, नाहीतर गुडघा लपवून तू तिथे गेली नसतीस.

आता माझं सांगते, म्हणजे मी कुणाच्या बाजूनं बोलतेय ते तुला कळेल.

1986 सालचा डिसेंबर. माझी एक जिवलग मैत्रीण आणि मी, पायात हंटरचे बूट, पाठीवर वडिलांची खाकी सॅक, आत वातीचा स्टोव्ह. पळणं वगैरे तेव्हा डोक्यातही नव्हतं, पण मी चालायची भराभर आणि त्याचा मला तोरा होता. त्याच सोंडेवर मी पुढे निघायची, एखाद्या झाडाखाली बसायची, पाणी प्यायची, घाम पुसायची, बुटातले खडे काढायची. दहा-पंधरा मिनिटांनी ती यायची. आणि ती आली रे आली की मी उठायची. "चल, निघू या." दिवसभरात असं सात-आठ वेळा झालं असेल. मला वाटायचं, बघा, मी किती थांबते हिच्यासाठी! वेल्ह्याहून स्वारगेटच्या एसटीत ती माझ्यापुढे तीन रांगा सोडून बसली. मला वाटलं, खिडकी हवी असेल.

बावीस वर्षांनी, तिच्या मुलीच्या लग्नात, हॉलच्या मागच्या खोलीत साडीच्या निऱ्या सारख्या करताना ती म्हणाली, "तू उठायचीस ना, तेव्हा मला रडू यायचं." मी सोडून कुणालाही कळलं असतं. दिवसभर विश्रांती मी घेत होते, तिला एकदाही मिळाली नव्हती. जी दमलेली असते ती कधी बसतच नाही आणि जी ताजी असते तिला सात वेळा सावली मिळते, हे साधं गणित मला चाळिशीपार गेल्यावर समजलं. पण मी तिला तेव्हाच विचारलं, "तू का नाही म्हणालीस, जरा बसू दे?" तर म्हणाली, "तू काय म्हणशील असं वाटायचं." बावीस वर्षं, बघ. तुमचे तीनच आठवडे झालेत.

म्हणजे तुझ्या पत्रातली ‘ती’ मी आहे. माझ्या निवाड्याला तेवढी सूट देऊन पुढचं वाच.

आधी गुडघा. मी डॉक्टर नाही, पण गोळी घेऊन पळणं मला मुळीच पसंत नाही. डायक्लोफिनॅक काय, आयब्युप्रोफेन काय, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, घामानं निथळत तासन् तास पळताना अशा गोळ्यांचा भार मूत्रपिंडांवर येतो. शिवाय गोळीनं दुखणं जात नाही, दुखण्याची बातमी तेवढी थांबते. तीन दिवसांच्या वाटेवर ती बातमीच तर हवी असते. ऑक्टोबरपासून दुखणाऱ्या गुडघ्याला अजून कुणाला दाखवलं नाहीस, याचं मला मैत्रिणीपेक्षा जास्त नवल वाटतं. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे नाहीतर फिजिओकडे जा. ‘दुखतो’ एवढंच सांगून येऊ नकोस. आतल्या बाजूनं की बाहेरच्या, चढताना की उतरताना, किती किलोमीटरनंतर, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना काय होतं, हे कागदावर लिहून ने. उतारावरच दुखत असेल तर तेही सांग, कारण तुमच्या तिसऱ्या दिवशी मोठा उतार आहे.

एक गोष्ट तुम्हा शर्यतवाल्यांच्या लक्षात येत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जाता जाता भार पेलतात, आणि त्या झिजेचं दुखणं लगेच येत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात असतं. शर्यतीत तोवर तुम्ही घरी सोफ्यावर असता. इथे तोवर तुम्ही मोहरीत असाल आणि पुढे नाळ असेल. म्हणून पहिल्या दिवशी किती वेगानं जायचं हे तिसऱ्या दिवसाच्या पायांना विचारून ठरवायचं. हे तुझ्या मैत्रिणीलाही लागू आहे. आज पुढे पळणारी त्या दिवशी मागे असणार नाही, असं काही नाही.

आता बोलण्याचं. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. तिथे एक ‘ओके’ आला की तू रात्रभर त्याचा अर्थ लावत बसशील. हॉटेलात समोरासमोर बसूनही नको, तिथे प्रकरण चौकशी समितीसारखं होतं. जिथून सुरू केलंत त्या वेताळ टेकडीवर जा, पहाटे, आणि चाला. पळू नका. शेजारी शेजारी चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड वाक्यं सुटतात. आधी तुझं सांग. "ऑक्टोबरपासून गुडघा दुखतोय, मी तुझ्यापासून लपवलं, कारण तू दुसरी कुणी शोधशील अशी भीती वाटली." मग कातळाचं सांग. "तिथे तू हवी होतीस." एवढंच. "तू नेहमीच अशी करतेस" हे वाक्य ओठावर आलं तर गिळ. सहा वर्षांचा हिशेब एका सकाळी काढायचा नसतो.

आणि तिनं खरंच दुसरी शोधली तर? तर रायगड जाईल, दुखेल, मी खोटं सांगत नाही. पण मला तसं दिसत नाही. जिला पुढे जाण्याचंच वेड असतं ती दोनदा थांबून विचारत नाही. आणि "अगं, किती वेळ!" हे तुला टोमण्यासारखं लागलं. मला त्यात घाबरलेली बाई ऐकू येते. उशीर झालेल्या माणसावर आपण काळजीनंच ओरडतो, पोरं घरी उशिरा आली की कसं करतो ते आठव.

जाऊ की नको, याचं उत्तर फिजिओ देईल. त्यानं नाही म्हटलं तर हट्ट करू नकोस. रायगड पुढच्या जानेवारीतही तिथेच असेल. त्यानं चालायला परवानगी दिली, पळायला नाही, तर तीनाचे चार दिवस करा आणि चाला. रजा एक वाढेल, बँक बुडणार नाही. आणि पूर्ण परवानगी मिळाली तर निघण्याआधी काही गोष्टी बोलून ठेवा.

मागची पोचली की पुढचीनं उठायचं नाही. मागची म्हणेल तेव्हाच उठायचं. हे माझं प्रायश्चित्त समज. कातळ, खिंड, वाटेला फाटा फुटतो ती जागा, शेवटचं पाणी, इथे थांबायचंच. जानेवारीअखेर सोंडेवर पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येकीजवळ दोन-तीन लिटर असू दे आणि नुसतं पाणी ढोसू नका, त्यात मीठ-साखर, ओआरएस काहीतरी घाला. उजाडतं सातनंतर, मावळतं साडेसहाच्या सुमारास, तेव्हा हेडलॅम्प दोघींकडे वेगवेगळा हवा. आणि आमच्या वेळचा एक नियम, आधी खायचं, मग भांडायचं. अकराच्या सुमाराला पोट रिकामं असलं की मैत्रिणीचा श्वास घेण्याचा आवाजसुद्धा डोक्यात जातो. एक चिक्की खा आणि मग बघ, राग उरतो का.

सगळ्यात मोठं बोलणं दुसऱ्या दिवशी रात्री, मोहरीत, जेवणं झाल्यावर. पहिल्या दिवशी काही बिनसलं तर मधल्या खिंडीत गाडी बोलावता येते, वेल्ह्यात एसटी आहे. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याहून पासलीवरून मोहरीकडे रस्ताच आहे. पण तिसऱ्या दिवशी सकाळी रायलिंगच्या पठाराकडे निघून एकदा नाळेत पाय घातला की मधूनच सोडून देण्याची सोय नाही, खाली पाने गावाकडे पोचेपर्यंत उतरायलाच लागतं. म्हणून त्या रात्री दोघींनी एकमेकींना खरं सांगायचं. पाय कसे आहेत, झोप झाली का, भीती वाटते का. त्या रात्री ‘ठीक आहे’ हे उत्तर चालणार नाही.

नाळेत तर तुम्हाला पळताच येणार नाही. एका अंगाला रायलिंगचा कडा, जवळच लिंगाण्याचा सुळका, आणि नाळेत पाण्यानं वरून लोटून आणलेले धोंडे. काही घरच्या पाट्याएवढे, काही फ्रिजएवढे, आणि त्यातला कुठला डगमगतो हे पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. तिथे दोघींत अंतर पडू द्यायचं नाही. वरचीच्या पायाखालून निसटलेला दगड खालची हाताच्या अंतरावर असेल तर तिच्या पोटरीला लागून थांबतो, तीस फूट खाली असेल तर तोपर्यंत त्यानं वेग घेतलेला असतो. एक तर चिकटून उतरायचं, नाहीतर एकीनं कडेच्या मोठ्या खडकाआड उभं राहायचं आणि दुसरी येईपर्यंत हलायचं नाही. दगड सुटला की मोठ्यानं ओरडायचं, "दगड!" तिथे कुणाचा वेग किती, हा प्रश्नच येत नाही. तुझा हळू पाय तिथे तिला उपयोगी पडेल, उतरताना तू पुढे राहा आणि चाल तू ठरव.

रायगडवाडीला पोचाल तेव्हा समोर चौदाशेच्या वर पायऱ्या असतील. त्या सावकाश चढा, मध्ये बसा, लिंबूपाणी प्या. उतरताना मात्र रोपवेनं या. तीन दिवस पायांनी केल्यावर रोपवेनं उतरलात म्हणून महाराज काही बोलणार नाहीत, आणि गुडघा दुवा देईल.

फिजिओ काय म्हणाला ते कळव. आणि ती काय म्हणाली, तेही.

— मावशी